शब्द आपल्या ओळीत

मराठी बायबलमध्ये आपण ज्याला ‘स्तोत्रसंहिता’ म्हणतो, त्या पुस्तकाचे हिब्रू नाव ‘तहिल्लीम’. अर्थ ‘स्तुती’, तोही अनेकवचनी. १५० रचना, पाच भाग, आणि वर पाटी स्तुतीची. आत शिरावे तर पावलोपावली भेटते ती तक्रार. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल (१८६२-१९३२) यांनी स्तोत्रांची प्रकारवार लावणी केली, तेव्हा संख्येने सर्वांत मोठा गट निघाला तो विलापस्तोत्रांचा. अंथरुणाला खिळलेला माणूस, खोट्या आरोपात सापडलेला, ज्याच्या ताटात जेवलेल्या मित्रानेच घात केला तो, देव झोपला आहे काय असे विचारण्यापर्यंत मजल गेलेला. ज्यांनी हा संग्रह बांधला त्यांनी हे सारे गाऱ्हाणे उचलले आणि त्यावर ‘स्तुती’ असे नाव घातले.

मराठी वाचकाला यात फार नवल वाटू नये. तुकोबांचे विठ्ठलाशी झालेले भांडण आपण भक्तीच्याच खात्यात जमा करतो. रागावून बोलायलाही समोर कोणीतरी आहे अशी खात्री लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्या पुलाची एक कमान नक्कीच स्तोत्रसंहितेत उतरते. तिथेही देवाशी बोलणारा माणूस भीडभाड ठेवत नाही.

या पुस्तकात स्तोत्रांमधला एकेक हिब्रू शब्द घेऊन त्याच्यापाशी थांबण्याचा प्रयत्न केला आहे. हे लेख मननाचे आहेत. व्याकरणाचे किंवा कोशाचे नव्हेत. तरीही ज्याच्यावर मनन करायचे तो शब्द नीट ठाऊक असावा, एवढी अट स्वतःला घालून घेतली आहे. ती का घालावी लागली, हे सांगणे हाच या प्रस्तावनेचा मुख्य उद्योग.

हिब्रू शब्दांवरच्या भक्तिपर लेखनाला एक जुनी खोड आहे. शब्द घ्यायचा, त्याचा धातू शोधायचा, धातूतून एक चित्र काढायचे आणि ते चित्र जिथे जिथे तो शब्द येतो तिथे तिथे चिकटवायचे. वाचणाऱ्याला वाटते, आजवर कोणी न दाखवलेला खजिना हाती लागला. जेम्स बार यांनी १९६१मध्ये बायबलच्या भाषेतील अर्थविचारावर एक पुस्तक लिहून या पद्धतीचे चांगलेच वाभाडे काढले. त्यांचे म्हणणे आपल्याकडच्या काव्यशास्त्राला अपरिचित नाही. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश गवत नीट कापून आणणारा, आणि ‘प्रवीण’ म्हणजे वीणावादनात निपुण, अशी व्युत्पत्ती आपण शिकतो. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त ‘कुशल’चे उदाहरण रूढी कशी चालते हे दाखवायला आले आहे. पण पत्रात ‘सर्व कुशल’ लिहिताना कोणाच्या डोळ्यांपुढे गवत येत नाही, आणि प्रवीण नावाच्या मुलाकडून कोणी वीणेची अपेक्षा करत नाही. हिब्रू बोलणारी माणसेही आपल्यासारखीच होती. शब्दाचा जन्म कुठे झाला हे विसरून ती तो वापरत होती.

एक ठळक उदाहरण सेहेचाळिसाव्या स्तोत्रातले आहे. त्यातला ‘हरपू’ हा शब्द ख्रिस्ती घरांतल्या कॅलेंडरांवर, भिंतीवरच्या तसबिरींत, शिबिरांच्या फलकांवर हमखास दिसतो. सोबत तळे असते, किंवा डोंगरामागचा सूर्य. शांत बसा, देवाचे चिंतन करा, असा त्याचा आशय गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात ‘रफा’ या धातूला ढिले पडणे, गळून पडणे असा अर्थ आहे आणि ‘हरपू’ ही अनेकांना उद्देशून केलेली आज्ञा आहे: सोडा, आवरा, हात खाली करा. ती कोणाला आहे ते कळायला कोशाचीही गरज नाही, मागची ओळ वाचली तरी पुरे. तिथे धनुष्ये मोडली जात आहेत, भाल्यांचे तुकडे होत आहेत, युद्धाचे रथ जळत आहेत. राष्ट्रे खवळली आहेत आणि त्या रणधुमाळीत देव दरडावतो आहे. सकाळच्या चहासोबत मिळणाऱ्या शांततेशी या शब्दाचे फारसे देणेघेणे नाही. लढणाऱ्यांनी शस्त्र खाली ठेवावे, ही त्याची मागणी. ती आपल्याला लागू होत नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात काही ना काही असतेच. पण तळ्याकाठचे चित्र काढून टाकल्याशिवाय ती ऐकूच येत नाही.

मग व्युत्पत्ती साफ वर्ज्य करायची काय? तसेही नाही. काही वेळा कवी स्वतःच शब्दाच्या पोटातले चित्र जागे करतो. छप्पन्नाव्या स्तोत्रात भटकंतीला ‘नोद’ म्हटले आहे आणि लगेच पुढे कातडी बुधल्यालाही ‘नोद’च. लिहिण्यात फरक आहे, कानाला दोन्ही सारखेच. पळत फिरणाऱ्या माणसाची भटकंती देवाने मोजली आहे आणि त्याचे अश्रू देवाच्या बुधल्यात साठले आहेत, अशी ती कल्पना. वाळवंटात माणूस बुधला बाळगतो तो पाण्यासाठी, थेंबही वाया जाऊ नये म्हणून. इथे खेळ कवीने मांडला आहे, आपण फक्त तो पाहायचा. या पुस्तकात मी हाच दंडक पाळला आहे: स्तोत्राने किंवा त्याच्या शेजारच्या ग्रंथाने जे चित्र उघडून दाखवले तेच घ्यायचे, कोशातून उपटून आणलेले, कितीही मोहक असले तरी, बाहेर ठेवायचे.

‘रहामीम’ हा शब्द या कसोटीला उतरतो. करुणा असा त्याचा रूढ अर्थ. त्याच अक्षरांचा ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय. दोहोंचे नाते नुसते कोशातले असते तर मी पुढे गेलो असतो. पण यशया संदेष्ट्याने आपल्या पोटच्या लेकरावर माया करणाऱ्या आईच्या संदर्भात याच धातूचे क्रियापद योजले आहे. म्हणजे ते नाते त्यांच्या कानाला जाणवत होते. आता १०३वे स्तोत्र पाहा. तिथे हेच क्रियापद बापाला लावले आहे. बाप लेकरांवर जशी आतड्याची माया करतो, तसा देव. इंग्रजीत किंवा ग्रीकमध्ये वाचणाऱ्याला इथे अडखळायला होते. पुरुष असलेल्या विठ्ठलाला आणि ज्ञानदेवांना सरसकट ‘माउली’ म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला मुळीच होत नाही. हा शब्द आपल्याकडे पाटीवरही आहे. मुंबईतले सर्वांत जुने यहुदी प्रार्थनामंदिर, सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६मध्ये उभारलेले, त्याचे नाव ‘शआर हारहामीम’, म्हणजे करुणेचे दार. आसपासचे लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आणि ‘मस्जिद’ रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. रोज त्या स्थानकावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या लोकांना एका हिब्रू शब्दाच्या शेजारून आपण जातो याची कल्पना नसते.

स्तोत्रांचे हिब्रू देहाला धरून असते, हे एकदा ध्यानात आले की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. ‘नेफेश’चे भाषांतर बऱ्याच भाषांत ‘आत्मा’ या अर्थाच्या शब्दाने झाले आणि त्याने गोंधळ वाढवला. नेफेश तहानतो, भुकेला होतो, हरिणीसारखा पाण्यासाठी धापा टाकतो. एकोणसत्तराव्या स्तोत्राच्या आरंभी पाणी नेफेशपर्यंत चढले आहे, आणि तिथे त्याचा अर्थ सरळ ‘गळा’ असा आहे. ज्या आत्म्याला शस्त्र छेदू शकत नाही आणि पाणी भिजवू शकत नाही, त्याच्याशी याचे कसे जमावे? सुदैवाने मराठीत ‘जीव’ आहे. जीव कासावीस होतो, जीव घशाशी येतो, जीव टांगणीला लागतो, जीव लावतात, जीव घेतातही. आपल्या जुन्या भाषांतरकारांनी अनेक ठिकाणी ‘जीव’ निवडला, तो त्यांचा कान किती तयार होता याचा पुरावा. इथे आपली भाषा मुळाच्या जितकी जवळ जाते तितकी जवळ फार थोड्या भाषा जातात, असे माझे मत आहे.

‘किल्योत’च्या बाबतीत मात्र आपण हरतो. शब्दशः मूत्रपिंडे. सोळाव्या स्तोत्रातला भक्त रात्री आपल्या मूत्रपिंडांकडून शिकवण घेतो. कुठल्याही भाषांतरात इथे ‘अंतःकरण’ किंवा तत्सम काही येणारच, आणि ते चूक नाही. फक्त एवढे लक्षात ठेवावे, की मूळ कवीला विवेक छातीत किंवा डोक्यात न जाणवता खोल पोटात, रात्री झोप नसताना जाणवत होता.

‘हेसेद’वरचा लेख या पुस्तकात सर्वांत मोठा झाला आहे. उच्चारताना ‘ह’ घशातून खरवडून काढायचा. संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये हा शब्द सुमारे २५० वेळा येतो आणि त्यातले निम्म्याहून अधिक उल्लेख एकट्या स्तोत्रांत आहेत. १३६व्या स्तोत्राच्या २६ ओव्या, आणि प्रत्येकीच्या धृपदात हेसेद. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला बहुतेक ठिकाणी ‘दया’ या अर्थाचा शब्द दिला. इंग्रजीत माइल्स कव्हरडेल यांना १५३५च्या भाषांतरात दोन शब्द जोडून एक नवाच शब्द घडवावा लागला. आपल्याकडे दया, कृपा, वात्सल्य असे पर्याय आलटून पालटून येतात. प्रत्येकात थोडे सापडते, थोडे निसटते. दया वरून खाली वाहते. ती अनोळखी माणसावरही करता येते आणि केली नाही तरी कोणी जाब विचारत नाही. हेसेद नात्यात असतो. रूथच्या गोष्टीत विधवा सून सासूला सोडून जात नाही, त्याला हेसेद म्हटले आहे. तिच्यावर सक्ती नव्हती, पण नाते होते आणि ती नात्याला जागली. मिठाला जागणे, शब्दाला जागणे यांतले ‘जागणे’ हे क्रियापद मला हेसेदच्या सर्वांत जवळचे वाटते. नाम मात्र मराठीत सापडत नाही.

तेविसाव्या स्तोत्राच्या शेवटी हा हेसेद एका अनपेक्षित क्रियापदासोबत येतो. ‘रादफ’ म्हणजे पाठलाग करणे. मिसरच्या राजाचे सैन्य इस्राएल लोकांच्या मागे लागले तेव्हा, शौल राजा दाविदाच्या जिवावर उठून रानोमाळ फिरला तेव्हा, हेच क्रियापद वापरले आहे. इतर स्तोत्रांत शत्रू रादफ करतो. इथे चांगुलपणा आणि हेसेद करतात. आपली भाषांतरे हे शब्द मवाळ करतात, कल्याण आपल्याला लाभेल किंवा सोबत राहील अशा वळणाने. पाठीशी असणे आणि पाठीस लागणे यांत मराठीला पुरेपूर फरक कळतो, आणि स्तोत्राला दुसराच अर्थ हवा आहे. लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या स्तोत्रात मेंढपाळ पुढे चालतो एवढेच आपण पाहिलेले असते. मागून कोण येते आहे तिकडे लक्ष जात नाही.

खुद्द ‘मनन’ या शब्दाबद्दलही सांगायला हवे, कारण या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तोच आहे. पहिल्या स्तोत्रातला धन्य माणूस रात्रंदिवस नियमशास्त्राचे जे करतो त्याला हिब्रूत ‘हगा’ म्हणतात. हा आवाजाचा शब्द आहे. यशयाच्या ग्रंथात शिकार धरलेला सिंह गुरगुरतो तो हगा, आणि पारवा घुमतो तोही हगा. दुसऱ्या स्तोत्रात राष्ट्रे कट शिजवताना कुजबुजतात, त्यालाही तेच क्रियापद. दोन स्तोत्रे शेजारी ठेवणाऱ्याने हा विरोध जाणून ठेवला असावा. म्हणजे मनन करणारा माणूस डोळे मिटून गप्प बसलेला नाही. तो पुटपुटतो आहे, शब्द ओठांवर घोळवतो आहे. ज्ञानेश्वरीचे पारायण ऐकत वाढलेल्यांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही. चर्चमध्ये आपण मनाशी वाचण्याची शिस्त उचलली ती पुढे कधीतरी, आणि ती उचलताना काहीतरी हरवले असे मला वाटते.

‘सेला’बद्दल थोडक्यात. स्तोत्रांत ७१ वेळा आणि हबक्कूकच्या ग्रंथात तीनदा येणारा हा शब्द बहुधा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठीची खूण होता. ‘थांबा आणि विचार करा’ असा त्याचा अर्थ अनेक भक्तिपर पुस्तके बेधडक देतात. तो अंदाज आहे. या पुस्तकात सेलावर लेख नाही.

स्तोत्रांवरची शीर्षके मात्र आवर्जून पाहावीत. बाविसाव्या स्तोत्रावर ‘पहाटेची हरिणी’ अशा अर्थाचे शब्द आहेत आणि त्यांवरून मोठमोठी रूपके रचली गेली आहेत. संगीत नाटकातली पदे किंवा आपले ‘उपासना संगीत’ उघडणाऱ्याला वेगळाच संशय येईल: गाण्याच्या वर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या गाण्याचे नाव लिहितात, तसेच हे. बहुतेक अभ्यासकांचेही मत हेच, की त्या काळी सर्वांना ठाऊक असलेल्या एखाद्या चालीचे ते नाव असावे. चाल गेली, नाव राहिले.

आता अवघड भाग. भक्तिपर पुस्तके गोड शब्द वेचतात आणि कडू ओळी गाळतात. ‘अश्रे’ या शब्दाने स्तोत्रसंहिता उघडते: धन्य, किती सुखी! चौऱ्यांशीव्या स्तोत्रात तो तीनदा येतो, देवाच्या घरी राहणाऱ्यांसाठी, वाटेवर चालणाऱ्यांसाठी. आणि १३७व्या स्तोत्राच्या अखेरीस तो दोनदा येतो. तिथे बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले निर्वासित, ज्यांचे शहर इसवी सनपूर्व ५८७च्या सुमारास जाळले गेले, ते बाबेलचा सूड घेणाऱ्याला धन्य म्हणतात, तिची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतात. तोच शब्द. अश्रेवर लिहायचे आणि ही जागा टाळायची, हे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. त्या ओळींचे समर्थन मी केलेले नाही. ज्यांची स्वतःची मुले डोळ्यांदेखत मारली गेली त्यांनी आपला सूड तलवारीत न ओतता प्रार्थनेत ओतला, देवासमोर ओकला, एवढे दिसते. त्यापुढे माझी मजल जात नाही.

अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही ठेवले आहे. विलापस्तोत्रे साधारणपणे शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही. त्याचा अखेरचा शब्द ‘महशाख’, काळोख. संग्राहकांनी त्यापुढे एखादी आश्वासक ओळ जोडली असती तर कोणी अडवले नसते. त्यांनी ती जोडली नाही आणि संग्रहाचे नावही बदलले नाही.

हिब्रू हे महाराष्ट्राला परके नाही, हेही नोंदवले पाहिजे. कोकण किनाऱ्यावरचे बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले, मराठी बोलत आणि प्रार्थना हिब्रूत करत. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३०च्या दशकात मुंबईत त्यांच्यासाठी हिब्रू व्याकरण मराठीतून तयार केले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून भाषांतराला बसल्या. न शिकलेल्या बायाबापड्यांना कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह होता. संस्कृत ग्रंथांत मुरलेल्या बाईने संस्कृतप्रचुरतेला दिलेला हा नकार मराठी गद्याच्या इतिहासात जेवढा नोंदला जायला हवा तेवढा गेलेला नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ही अलीकडच्या काळात त्याच सोपेपणाच्या वाटेने गेले.

आणखी एक. हे शब्द ज्यांचे, ते लोक आजही तेच शब्द उच्चारतात. यहुदी घरांत आजारपणात, मृत्यूच्या वेळी तहिल्लीम म्हणतात. सणांना ११३ ते ११८ ही स्तोत्रे गातात. १४५वे स्तोत्र रोजच्या प्रार्थनेत तीनदा येते. ख्रिस्ती लेखक कित्येकदा हिब्रूकडे उत्खननात सापडलेल्या भांड्यासारखे पाहतात. मी ख्रिस्ती म्हणूनच लिहिले आहे आणि ते लपवलेले नाही, पण दुसऱ्याच्या घरातली चालती प्रार्थना हाती घेताना चपला बाहेर काढाव्यात, एवढे भान ठेवले आहे.

लेखांचा क्रम स्तोत्रांच्या क्रमाने आहे, वर्णानुक्रमाने नाही. हिब्रू येत नसलेल्या वाचकाचे काही अडू नये म्हणून सर्व शब्द देवनागरीत दिले आहेत. वाचकांना विनंती एकच: लेखाकडे वळण्याआधी ते स्तोत्र आपल्या घरच्या मराठी बायबलमधून पूर्ण वाचा, आणि मोठ्याने वाचा. वेळ एकाच गोष्टीला असेल तर माझा लेख सोडा.